काडीस

परवा दुपारी भीमाशंकरकडे एका ओढ्यात पाय सोडून बसलो होतो, भाच्याने पाण्यातला दगड उलटा केला आणि ओरडला, मामा, कचरा चालतोय! खरंच चालत होता. बोटाच्या पेराएवढी वाळूची नळी, तिच्या टोकातून काळं डोकं आणि सहा पाय बाहेर, हात लावला की सगळं आत. कॅडिस फ्लायची अळी. तोंडातून रेशीम काढते, ते पाण्यातसुद्धा चिकटतं, त्याने वाळू, काड्या, पानांचे तुकडे जोडून अंगाभोवती घर करते आणि ते ओढत फिरते. पुढे पंख फुटले की पतंगासारखा एक मळकट किडा, कुणी वळून बघणार नाही असा. फ्रान्सच्या युबेर द्युप्रा नावाच्या कलाकाराने १९८० च्या दशकात या अळ्यांपुढे सोन्याचे कण आणि मोती ठेवले, तर त्यांनी त्याचीही घरं बांधली. आमच्या अळीच्या नशिबी वाळूच.

मराठीत काय म्हणतात याला? मी बिनधास्त ठोकून दिलं, काडीस. काड्या करतो म्हणून. पटलं त्याला.

घरी आल्यावर मात्र राहवेना, बसलो शोधत (एक शब्द बघायला जायचं आणि दोन तासांनी भलतीकडेच निघायचं, दुपार अशीच जाते माझी). शास्त्रीय नाव ट्रायकॉप्टेरा, किर्बी नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८१३ मध्ये दिलेलं, ग्रीकमध्ये केसाळ पंखवाला. बरं. पण कॅडिस म्हणजे जुन्या इंग्रजीत लोकरीची फीत! शेक्सपियरच्या 'द विंटर्स टेल'मधला ऑटोलिकस फेरीवाला विकतो तीच. असे फेरीवाले म्हणे फितींचे तुकडे कोटावर टाचून फिरायचे आणि त्यावरून या अळीला नाव पडलं. जाणकार यावर पैज लावत नाहीत, मी लावली.

कारण आमच्या गल्लीत तो यायचा. दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की. खांद्यावर रिबिनी, गळ्यात रिबिनी, शर्टाला सेफ्टी पिनने टाचलेल्या रिबिनी, माणूस दिसायचाच कुठे, लांबून नुसत्या रिबिनीच चालत यायच्या. ताईला शाळेसाठी लाल लागायची, दोन वेण्यांना दोन. तो कोपरापासून बोटापर्यंत मोजायचा, आई त्याच्या हाताकडे टक लावून, कारण मापात बोटभर तरी मारतो असा तिचा ठाम समज होता. मग कात्रीने कचकन कापायचा आणि काडी ओढून रिबिनीचं टोक ज्योतीवरून फिरवायचा, धागे सुटू नयेत म्हणून. नायलॉनचा तो करपट वास आणि टोकाला कडक, काळपट कड, ती मी नखाने खरवडत बसायचो. विझवायची काडी माझ्यासाठी राखून ठेवलेली असायची. कधी विसरला नाही.

काल संध्याकाळी ताईला फोन केला, म्हटलं तो रिबीनवाला आठवतो का, नाव काय गं त्याचं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, रिबीनवालाच म्हणायचो ना आपण. आईला विचारलं, तिलाही नाही माहीत. इतकी वर्षं उंबऱ्यात बसून पाणी प्यायचा तो.

आणि हो, ताई म्हणाली, तुझा भाचा निसर्गाच्या वहीत 'काडीस' लिहून आलाय, बाईंनी बरोबरची खूण पण केलीये. आता काय खोडायचं, राहू दे.