तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ऑनलाइन होतं, तर तिकडे कशाला?

परवा दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना: "कोविडमध्ये सगळं घरबसल्या झालं की हो सर, मग पोरांना जर्मनीला धाडायचं कशाला?" तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे.

2020 च्या हिवाळी सत्रात माझ्या एका विद्यार्थिनीला तिथे मास्टर्सला प्रवेश मिळाला आणि व्हिसा अडकला. नोव्हेंबरात दहाच्या तासाला, म्हणजे आपल्या अडीचला, ती साताऱ्यातल्या घरी लॅपटॉप उघडून बसली. स्क्रीन रिकामी. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. तिथे वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलं असलं, की तास पाव तास उशिरा सुरू होतो; हे शेजारच्या बाकावरचं कुणीही सांगितलं असतं. पण शेजारी बाकच नव्हता.

थिअरी मात्र तिला घरून उत्तम जमली, हे कबूल. अडलं ते प्रयोगशाळेत. धातूचा नमुना एमरी पेपरवर घासताना दर पेपरला नव्वद अंशांत वळवायचा, हे तिला व्हिडिओ पाहून पाठ होतं. वर्षभराने ती तिकडे पोचली आणि पहिलाच नमुना नायटलमध्ये (धातूची रचना उठून दिसावी म्हणून वापरायचं नायट्रिक आम्ल-अल्कोहोलचं द्रावण) जास्त राहून काळा पडला. पुढच्या खेपेला टेक्निशियनबाईंनी न बोलता तिचं मनगट धरलं आणि नेमक्या क्षणी नमुना नळाखाली नेला. ते 'नेमकं' व्हिडिओत कुठेच नव्हतं.

तरी ऑनलाइनला नावं ठेवणार नाही. पूर्वी परदेशी प्राध्यापकांचं एक व्याख्यान म्हणजे विमानाचं तिकीट, मंजुरी, शाल-श्रीफळ. आता गुरुवारी चारला ते पडद्यावर असतात.

यूजीसीनेही मे 2022 मध्ये परदेशी विद्यापीठांसोबत ट्विनिंग (थोडं शिक्षण तिकडे, पदवी इथली), संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम आणले, पण ऑनलाइन अभ्यासक्रम त्यातून वगळले. संयुक्त पदवीला किमान 30 टक्के क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, दोन्हीकडून प्रत्येकी कमवावे लागतात. मला हे पटतं. खर्चाची बाजू मात्र खरी आहे: जर्मन व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवायचे, हे मध्यमवर्गीय घराला झेपणं सोपं नाही.

म्हणून डॉक्टर, पाठवायचं तर कॉलेजच्या माहितीपत्रकातला परदेशी विद्यापीठाशी केलेल्या कराराच्या सही-समारंभाचा फोटो बघू नका. तिथले किती क्रेडिट इथे धरणार, ते लेखी मागा. आमचाच एक मुलगा तिकडे अख्खं सत्र करून आला आणि दोन विषय त्याला इथे पुन्हा द्यावे लागले. सामंजस्य करार तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेला होता.