तुम्ही विचारलंत म्हणून : दहा हजारांतला आवाज

‘दहा हजारांच्या आत, सगळं एकातच असलेली कुठली म्युझिक सिस्टिम घेऊ?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, भिशीत विचारतात आणि हुरडा खातानाही विचारतात. मॉडेलचं नाव मी सांगत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, कान तोच राहतो.

आधी सिस्टिम फिरवून मागचं स्टिकर वाचा. तिथं बारीक अक्षरांत ‘पॉवर कन्झम्पशन ४० वॉट’ असं काहीतरी असतं आणि पुढं खोक्यावर ५००० वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा! आत ४० वॉट वीज जाते, तीतली काही उष्णतेत संपते. मग सलग ५००० वॉट येणार कुठून? पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएसचा, म्हणजे सलग ताकदीचा, आकडा बघा. तोही बऱ्याचदा १० टक्के विकृती धरून दिलेला असतो, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. तेव्हा ४० की ५० यावर घासाघीस करत बसू नका.

खरी पारख ऐकूनच. नवी पेठेत दुकानात शिरलात की पोरगं लगेच स्वतःचा पेनड्राइव्ह लावतं, बेस चढवतं, आवाज पूर्ण सोडतं. छाती हादरते आणि गिऱ्हाईक पाकीट काढतं. दोन सिस्टिम शेजारी वाजवल्या की जी किंचित मोठ्यानं वाजते तीच कानाला चांगली वाटते, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा, इक्वलायझर ‘फ्लॅट’वर आणा, म्हणजे बेस-ट्रेबल ना चढवलेले ना उतरवलेले, आणि गाणं आपलं लावा.

मी भजन लावतो, कारण त्यात डग्गा असतो. वाजवणारा मनगट दाबून पुढं सरकवतो तेव्हा डग्ग्याचा सूर वर चढतो. बऱ्या सिस्टिमवर ती चढण ऐकू येते. बाकीच्यांवर प्रत्येक ‘घे’ एकाच सुरात ‘धब्’ वाजतो. छोट्या खोक्याला खोल खर्ज झेपत नाही, म्हणून त्याच्या जरा वरचा, १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगवून भरपाई केलेली असते. मग डग्गा कसाही वाजू दे, तुम्ही ऐकता ते खोकं. त्यानंतर गळा ऐका. बाईच्या आवाजातला ‘स’ टोचतो का? बुवांचा आवाज रांजणातून आल्यासारखा येतो का?

आता आवाज अगदी खाली आणा. ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात ती कुणीच घेत नाही. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येणं हा कानाचाच धर्म आहे, त्याबद्दल सिस्टिमला दोष नको. पण अभंगाचे शब्द स्पष्ट कळतायत का? रात्री पोरं झोपल्यावर ऐकणार ते याच आवाजात. शब्दच कळेनात तर ती सिस्टिम गणपतीच्या मिरवणुकीला देऊन टाका.

दिवे चमकणाऱ्या सिस्टिमबद्दल माझं मत वाईट आहे, ते असू दे. ब्लूटूथच्या व्हर्जनवरही डोकं खपवू नका. या किमतीत स्पीकरमधला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. डावं-उजवं नीट वेगळं ऐकू यावं, ही अपेक्षा मात्र एका खोक्याकडून करू नका.

घरी आणल्यावर ती कोपऱ्यात ठेवू नका, बेस आणखी फुगतो. आपल्याकडं खाली शहाबादी फरशी आणि भिंती मोकळ्या, त्यामुळं आवाज खोलीभर आपटत राहतो. समोरच्या भिंतीवर, थोडी सुटी आणि चुण्या घालून, जुनी सोलापुरी चादर टांगा. तो खणखणाट कमी होतो. बेस मात्र चादरीला दाद देत नाही. त्यासाठी सिस्टिमच भिंतीपासून हातभर पुढं ओढा, आणि तरीही घुमत असेल तर बेसचं बटण खाली करा.