अलिबागहून लाँचने म्युझियमला

अलिबाग-मुरुडकडच्या मंडळींनी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला रस्त्याने जाऊच नये. मांडव्याहून सकाळची लाँच धरली की तासाभरात गेटवे, आणि तिथून संग्रहालय चालत दहा मिनिटांवर. दार सव्वादहाला उघडतं. गेटवे आणि संग्रहालय दोन्ही जॉर्ज विटेटने आखलेली, म्हणून धक्क्यावर उतरल्यावर कमान नीट बघून घ्या.

इमारतीची पायाभरणी 1905 ची, बांधकाम 1914 ला पुरं झालं. पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. आत शिरल्यावर मधल्या दालनातलं कोरीव लाकूडकाम बघा. ते नाशिकच्या एका वाड्यातून आणलंय.

सगळं एका दिवसात बघायचा हट्ट नको. आपण किनाऱ्यावरची माणसं, आधी किनाऱ्याचं बघावं. येताना लाँचमधून घारापुरी लांबवर दिसते. तिथली महिषासुरमर्दिनी इथे आहे. मूर्ती पार भंगलेली, तरी अंगातला आवेश शाबूत. मी तिच्यासमोरून बराच वेळ हललो नाही. मग सोपाऱ्याच्या परिसरात सापडलेला अशोकाच्या आज्ञेचा दगड. कुठे आहे ते रखवालदाराला विचारा, पण चुकवू नका. ब्राह्मी अक्षरं, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली. सोपारा तेव्हा गजबजलेलं बंदर होतं, आणि राजाचा शब्द दगडावर कोरून थेट आपल्या कोकणात पोचला होता! शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मुलं सोबत असतील तर नंतर निसर्गविभाग. वाघ, गवा, रोहित पक्षी, प्रत्येकामागे त्याचं रान किंवा पाणथळ उभं केलंय. महाधनेशापाशी भाच्याला सांगितलं, मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर फळं आणून भरवतो. तो काचेला चिकटूनच राहिला. संगमेश्वराकडच्या देवरायांत हा पक्षी अजून आहे, हेही मुलांना सांगा.

चित्रं, शस्त्रं, चिनी मातीची भांडी वरच्या मजल्यांवर. वेळ उरला तर बघा.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सकाळीच विचारून ठेवा. तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तेव्हा तिकीट टाकू नका. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, चालू आहे का ते आधी बघा.