मस्की माशासाठी ब्रेड दोर: 80 पौंडांखाली उतरू नका
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांत मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागायचं, तर बेटकास्टिंग रीलवर (फेकताना जिची दोराची फिरकी, म्हणजे स्पूल, स्वतः फिरते) 80 पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, ब्रेड (विणलेला दोर) भरा. मासा तेवढा जड नसतो. दोर तुटतो तो फेकताना. सव्वादोनशे ग्रॅमचं रबरी ल्यूर (नकली आमिष) हवेत असताना स्पूलवर गुंता झाला, की दोर गचकन थांबतो. 50 पौंडी असेल तर तुटतो, आणि महागडं ल्यूर एकटंच तळ्यात जातं! शिवाय बारीक दोर ताणाखाली खालच्या वेढ्यांत रुततो, मग पुढची फेक अडते. पौंडभर वजनाच्या ल्यूरला 100 पौंडी बरा.

स्पूलवर आधी थोडा नायलॉनचा तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत ब्रेड अख्खाच घसरत फिरतो. गाठ पालोमार, ओली करून आवळायची. टोकाला स्टीलचा किंवा 100-130 पौंडी फ्लुरोकार्बनचा (एक टणक प्लास्टिक) लीडर, म्हणजे दोर आणि ल्यूरमधला जोडतुकडा, हवाच. मस्कीच्या दातांपुढे ब्रेड म्हणजे शिवणाचा दोरा. शेवटचा मीटरभर दोर पिंजारलेला दिसला तर कापून टाका.