आज काय मोजायचं?

१४ मार्च

भाचीच्या शाळेत आज पाय (π) दिवस झाला. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या पाय पट, म्हणजे साधारण ३.१४ किंवा २२/७ पट. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. आपल्या पद्धतीनं २२ जुलै जास्त शोभला असता, २२/७! पण आज आइनस्टाइनचाही जन्मदिवस (१८७९), तेव्हा तारीख चांगलीच. फलक लागले, भाषणं झाली. "मोजलंत काय?" विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही, मावशी." मग विषुवदिनाला, दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, गच्चीवर जायचं ठरवलं.

२० मार्च

पडद्याची एक मीटरची काठी, मातीनं भरलेली कुंडी आणि समोरच्या बांधकामावरच्या गवंडीकाकांकडून मागून आणलेला ओळंबा. काठी ओळंब्यात उभी करण्यातच अर्धा तास गेला.

बाराच्या ठोक्याला सावली सगळ्यात लहान होणार, अशी भाचीची खात्री. पण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतं आणि पुणं त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास. अंशाला ४ मिनिटं धरली तर ३५ मिनिटं उशीर. शिवाय या दिवसांत सूर्य घड्याळाच्या आणखी ७ मिनिटं मागे असतो. म्हणजे खरी दुपार १२.४२ ला.

बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका. एरवी हे ठिपके वक्र रेषेवर पडतात, आज मात्र सरळ ओळीत आले. तिनं दोन्ही टोकांना दोरा ताणून धरला आणि किंचाळलीच. गच्चीवर आपोआप उमटलेली पूर्व-पश्चिम रेघ! मलाही पायाला बसणारे चटके तेव्हा जाणवले नाहीत.

सगळ्यात आखूड सावली ३४ सेंटीमीटर भरली. आलेख कागदावर १० आणि ३.४ सेंटीमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून कोनमापक लावला, तर पावणेएकोणीस अंश. विषुवदिनी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून हा कोन म्हणजेच आपला अक्षांश. पुण्याचा साधारण साडेअठरा. पाव अंशाची चूक, जमिनीवर उत्तरेला जवळपास २८ किलोमीटर.

"म्हणजे आपण चाकणला राहतो!" ती म्हणाली.

सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची, त्यामुळे सावलीची कड पुसट पडते. अर्धा सेंटीमीटर तिथेच हुकला असणार. काठी आणि खडूनं चाकणपर्यंत पोचलो, याचा मला केवढा आनंद झाला आहे!

२४ मार्च

सकाळीच फोन. "मावशी, आज काय मोजायचं?"

आज क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हटलं, आज वर्षं मोजू. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. तिनं हिशोब केला: जंतू सापडून ५ वर्षं होत आली होती. औषध कधी आलं? स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं ते १९४३ साली. "६१ वर्षं!" ती म्हणाली.

मग तिला आजीच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. आजी तिचं वय कधी सांगायची नाही, परकर-पोलक्यात होती, एवढंच. ती १९४१ साली क्षयानं गेली.

फोनवर बराच वेळ शांतता.

"दोनच वर्षं, मावशी?"