मागच्या ॲक्सलमधला लॉकर

आज दिवसभर घरीच खपून गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचे बळ दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीत, लॉकर बसवला. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच बळ देत असल्याने एक चाक हवेत राहिले की दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकांचे ॲक्सल (दांडे) एकमेकांशी जखडतो, आणि मग जमिनीवरचे चाक गाडी ओढून काढते.

खरा वेळ गेला तो क्राउन आणि पिनियन या डिफरन्शियलमधल्या एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरच्या दात्यांमधली फट जुळवण्यात. शिम (धातूची पातळ चकती) बदलायची, फट मोजायला डायल गेज लावायचा, पुन्हा सगळे उघडायचे. चौथ्या खेपेला काटा ०.२० मिलिमीटरवर, म्हणजे पुस्तिकेतल्या मर्यादेत स्थिरावला, आणि दात्यांवर लावलेल्या पिवळ्या रंगाचा ठसा नेमका मधोमध उमटलेला पाहून फार समाधान वाटले.

उद्या मोकळ्या मातीवरच चाचणी घेईन, कारण लॉक करून डांबरी रस्त्यावर वळल्यास ॲक्सलवर नाहक ताण येतो.