तुम्ही विचारलंत म्हणून: जॉयस्टिकवाली बोट का घेत नाही?

सुट्टीत पुण्याला आलो की कोणीतरी विचारतंच, अहो आता बोटी आपोआप धक्क्याला लागतात म्हणे, मग तुम्ही ते ६० वर्षांचं लाकूड कशाला सांभाळत बसलाय?

लागतात, खरंय. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या व्होल्व्हो पेंटाने २०१८ला गोथेनबर्गमध्ये ६८ फुटी यॉट दोन रेसच्या बोटींच्या मधे स्वतःची स्वतः लावून दाखवली आणि २०२१मध्ये असिस्टेड डॉकिंग बाजारात आणलं. बोटीखालचे दोन पॉड, म्हणजे पंख्यासकट फिरणारे भाग, वेगवेगळ्या दिशांना वळतात, जीपीएसवरून कॉम्प्युटर वारा-प्रवाहाचा ढकल भरून काढतो, तुम्ही फक्त जॉयस्टिकची दांडी हलवायची, बोट खेकड्यासारखी आडवी सरकते. मित्राच्या बोटीवर चालवून पाहिलंय, लोणी आहे लोणी.

आमची बोट २८ फुटी, चौघांत मिळून घेतलेली, इंग्लंडात साउथॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीत असते. लांब कील (तळाचा कणा), एकच पंखा, त्यामुळे रिव्हर्स टाकला की सुकाणू कुठेही असो, बाईसाहेबांचा मागचा भाग आधी डावीकडे जाणार. मागच्या जुलैत ओहोटीचा जोर होता, मी उगाच हुशारी करून रिव्हर्समध्ये आत शिरायला गेलो आणि शेजारच्या चकचकीत बोटीची रेलिंग वाकवली, मालक हातात चहाचा मग घेऊन नुसता बघत उभा. तेव्हा जॉयस्टिकची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

पण लाकडी बोटीचं वेगळंच असतं. सुहैली माहितीये ना? ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जिच्यातून १९६८-६९मध्ये एकटा, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आला, ३१२ दिवस. जेमतेम ३२ फुटांची ती बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची, सुतारांनी तासणीने आणि दोरीने फिरवायच्या गिरमिटाने. वाटेत कीलजवळचा सांधा गळायला लागला तर तो भर समुद्रात पाण्यात उतरून त्यावर कॅनव्हासची पट्टी ठोकून आला, आमच्याकडे बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी उपसणारा) बंद पडला तरी चौघांची व्हॉट्सॅपवर अर्धा तास मीटिंग चालते! पुढे ती ग्रीनिचच्या म्युझियममध्ये ठेवली, आणि तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसायला लागल्या म्हणून २००२मध्ये बाहेर काढावी लागली. एवढे महासागर पचवलेली बोट, पण कोरड्या खोलीत टिकेना. मग तिचं नीट काम करून ती परत पाण्यात आली, २०१८मध्ये इंग्लंडातल्या फाल्मथ बंदरात त्या सफरीच्या पन्नाशीच्या सोहळ्यात मी काठावरून पाहिली, आजूबाजूचे इंग्रज टाळ्या वाजवत होते आणि मला उगाच ओरडावंसं वाटत होतं, आमच्या गावची आहे हो ती!

आमचंही तेच. हिवाळाभर बोट बाहेर असते, एप्रिलमध्ये सांध्यांत कापूस ठासतो, पुट्टी भरतो, ढोपरं दुखतात, आणि तरी पाण्यात सोडली की पहिले दोन दिवस गळतेच. फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत कोणीतरी आत झोपायचं आणि दर दोन तासांनी उठून पंप मारायचा. यंदा पाळी माझी होती. पहाटे चारला टॉर्च मारून पाहिलं तर पाणी कालच्या पेन्सिलच्या खुणेच्या चार बोटं खाली होतं, अलार्म बंद केला आणि सरळ आठपर्यंत झोपलो.